तिसऱ्या फळीवरचं उलटं पुस्तक

मनोहर गेल्याचं त्याच्या मुलाने कळवलं, पण फोन मनोहरचाच असल्यामुळे स्क्रीनवर त्याचंच नाव उमटलं. मी तो लगेच उचलला नाही... गेल्या वर्षापासून ते नाव दिसलं की मी आधी थोडा वेळ फोन वाजू देई. मनोहर म्हातारपणी लग्नाला निघाला आणि ऐन वेळी भ्याला, असं लोक म्हणतात. तो भ्याला नव्हता.

सक्करदऱ्यात त्याचं पुस्तकांचं लहानसं दुकान होतं आणि संध्याकाळी तिथला स्टूल माझा. कुंदाबाई, निवृत्त शिक्षिका, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, तिथे पुस्तकं चाळायला येत. मनोहर आत गठ्ठे सोडत असला तर हाक न मारता तिसऱ्या फळीवरचं एक पुस्तक उलटं करून जात. दुकान बंद करताना तो ते सरळ करी आणि वर शीळ घाली. एकदा त्याने विचारलंच, "पुस्तकं कोन उलटे करून राहिलं, बाई?"

"उंदीर असंन."

"शिकलेला दिसते."

"मंग पिंजरा लावा नं जी!"

मनोहर कानापर्यंत लाल झाला. पुढे दोघांनी नोंदणी पद्धतीने लग्न करायचं ठरवलं. त्याला तीन साक्षीदार लागतात. दोन कुंदाबाईंच्या मैत्रिणी, तिसरा मी.

लग्नाच्या आदल्या दिवशी मनोहर चहा सांगायला गेला असताना कुंदाबाईंचे दीर दुकानाच्या दारात आले. आवाज अगदी मऊ. "काका, उद्या सही करता म्हनते तुम्ही? घरी एकटेच राहता नं?" एवढंच बोलून गेले. मी मनोहरला काही सांगितलं नाही.

सकाळी इस्त्रीचा शर्ट घातला, आणि दाराची कडी काही काढवेना. जिन्यात चप्पल वाजली की मी कडीवरचा हात मागे घेई. फोन वाजत राहिला, मी नुसता बघत राहिलो. शेवटी उचलला. "मनोहर, मले नाही जमत गा..."

तो म्हणाला, "बरं. दार नीट लावून घे."

दुसऱ्या दिवशी मी मान खाली घालून दुकानात गेलो. तो हसला. "तिले सांगतलं, मीच तुले नको म्हटलं, माहीच हिंमत सुटली म्हनून. तुहं नाव सांगतलं असतं, तर तिनं तुले या स्टुलावर बसू देलं असतं काय?"

तेव्हाही मी कुंदाबाईंना खरं सांगितलं नाही. त्या येत राहिल्या, मनोहरला 'अहो-जाहो' थोडं जास्त करू लागल्या, पण पुस्तक पुन्हा कधी उलटं झालं नाही. मनोहर मात्र रोज बंद करताना तिसऱ्या फळीवरून हात फिरवून बघायचा. शीळ बंद झाली होती... दुसरी तारीख घेऊ, असं मी मनातल्या मनात बरेचदा म्हटलं. त्याच्या हृदयाने तेवढी वाट पाहिली नाही.

आता त्याचा मुलगा रविवारी बेसाहून येऊन दुकान उघडतो. पुस्तकं लावायला त्याने कुंदाबाईंनाच बोलावलंय. "तुम्ही आई म्हनून आल्या असत्या तं बरं झालं असतं," असं तो त्यांना माझ्यासमोर म्हणाला. त्या पुस्तकांवरची धूळ पुसत राहिल्या. हे लिहिलेलं ज्या रविवारच्या पुरवणीत छापून येईल, ती त्या तिथेच, चहासोबत वाचतात.

या रविवारी मी जाणार आहे. भीती अजून तीच आहे. फक्त आता ती दिरांची नाही. दारातून आधी तिसऱ्या फळीकडे बघेन. सगळी पुस्तकं सरळ असली, तर स्टुलावर बसणार नाही.