किटलीतला परवाना

रोझालियाबाई घरी आहेत की जंगलात, हे झालेशे गावात कुणाला दार वाजवून विचारावं लागत नसे. स्वयंपाकघराच्या खिडकीत, तांबड्या फुलांच्या कुंडीशेजारी त्यांचा मोबाइल उताणा पडलेला दिसला की समजायचं, बाई अळंब्यांना गेल्या.

"त्याला सगळं कळतं," त्या म्हणायच्या. "कुठे वळले, कुठे थांबले, किती वेळ वाकले. जी जागा मी नवऱ्याला चाळीस वर्षांत सांगितली नाही, ती ह्या काचेच्या तुकड्याला कशाला सांगू?"

जागा म्हणजे बोरोविकांची. जाड देठाची, भाजलेल्या पावासारख्या डोक्याची ही अळंबी म्हणजे सगळ्या अळंब्यांची राणी. झालेशेतली माणसं आपली दुखणी सांगतील, पेन्शन सांगतील, सुनेचे सगळे गुण-अवगुण अगदी न विचारता सांगतील, पण बोरोविक कुठे उगवतात ते नाही सांगणार. जागा आईकडून लेकीकडे जाते, लेकीच्या लग्नाच्या आठवड्यात, हाताला धरून. रोझालियाबाईंच्या आईनं त्यांना तसंच नेलं होतं. वाटेत एक शब्द बोलली नव्हती. जागेवर पोचल्यावर फक्त म्हणाली, "हं. आता तू बाई झालीस."

बाईंनी एकतीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात काढली. दोनशे पोरांचं सूप ढवळून ढवळून उजवा दंड डाव्यापेक्षा जाड झाला होता, आणि त्याचा त्यांना अभिमान होता. पण त्याहून मोठा अभिमान मोटारीच्या परवान्याचा. गावात परवाना काढणारी पहिली बाई त्या. दोनदा नापास झाल्या, तिसऱ्यांदा पास. नवरा तेओदोर बिचारा गाडीच्या चाकामागे बसला की घामाघूम व्हायचा, म्हणून जन्मभर तो शेजारच्या सीटवर आणि बाई चाकामागे. बायका हसायच्या, तर तेओदोर म्हणायचा, "राजालाही गाडीवान असतो." तो जाऊन आता सहा वर्षं झाली होती. चव्वेचाळीस वर्षांत परवाना खिशात नसताना बाईंनी गाडीची किल्ली फिरवली नव्हती, अगदी पावाच्या दुकानापर्यंतसुद्धा.

गेल्या उन्हाळ्यात तो परवाना पॅन्टच्या खिशातून वॉशिंग मशीनमध्ये गेला आणि बाहेर आला तेव्हा बाईंच्या चेहऱ्याच्या जागी पांढरा ढग उरला होता.

"अगं, कार्ड लागतंय कशाला?" लेक किंगा बियाविस्तोक शहरातून आली तेव्हा म्हणाली. "सरकारचं अ‍ॅप आहे. परवाना मोबाइलमध्येच येतो." आणि चहा निवायच्या आत तिनं तो आणून दाखवलासुद्धा. पडद्यावर बाईंचा फोटो, नाव, शिक्का हलतोय झळाळत. बाई आधी हरखल्या. मग त्यांच्या लक्षात आलं.

"म्हणजे आता परवाना हवा तर मोबाइल हवा?"

"हो."

"जंगलात जातानाही?"

किंगानं कपाळाला हात लावला. "आई, त्या अळंब्यांवर पाळत ठेवायला कुणाला वेळ आहे?"

"गेनोवेफाला आहे," बाई म्हणाल्या.

गेनोवेफा समोरच्याच घरात राहायची. चाळीस वर्षं दोघी एकाच बाकावर बसून चर्चमध्ये गात होत्या आणि चाळीस वर्षं गेनोवेफा तो जंगलातला पत्ता हुडकत होती. एकदा तर सायकलीवरून बाईंच्या गाडीमागे चार किलोमीटर आली होती आणि चिखलात पडली होती. बाईंनीच तिला गाडीत घालून घरी आणलं, रास्पबेरीचा गरम चहा पाजला, आणि जागा काही सांगितली नाही.

ऑक्टोबरात किंगाचं लग्न. ऐंशी माणसं. रोझालियाबाईंच्या, म्हणजे वासिलुकांच्या घरातलं लग्न म्हणजे बोरोविकांचं सूप आणि व्हिनेगरमधली बोरोविकं हवीतच. ती कमी पडली तर गाव पुढची वीस वर्षं तेच बोलणार. आणि जागा एकदा का गेनोवेफाच्या तोंडात पडली, तर एका शनिवारात अख्खं झालेशे बादल्या घेऊन तिथे जाणार, शेवाळ तुडवून सपाट करणार. मग लग्नाला सूप नाही, आणि किंगाला हातात द्यायला जागाही नाही.

बाईंनी दोन दिवस विचार केला. कायदा मोडायचा नाही आणि जागाही फोडायची नाही. शेवटी त्यांनी तेओदोरची दुधाची किटली काढली, पांढऱ्या मुलाम्याची, घट्ट झाकणाची. मोबाइल चांदीच्या कागदात गुंडाळला, भट्टीत घालायच्या माशासारखा, तीन पदर, कडा दुमडून. किटलीत ठेवला. झाकण दाबलं. आणि वर "आता बघ काय बघायचं ते," असं त्याला सांगून किटली शेजारच्या सीटवर, तेओदोरच्या जागी, ठेवून दिली.

लग्नाला दहा दिवस उरले असताना त्या निघाल्या. दोन दिवसांच्या पावसानंतर ऊन पडलं होतं, जमिनीतून वाफ येत होती. जागेवर पोचल्या आणि बघतात तर काय! बोरोविकं अशी उभी होती जशी काही लग्नाची वऱ्हाडी मंडळीच. दोन टोपल्या भरल्या. आणि शेवटी, ओकच्या मुळाशी एक सापडलं. डोकं ताटलीएवढं, पोटाखाली पांढरंशुभ्र, एक कीड नाही. बाई त्याच्यासमोर गुडघ्यावर बसल्या. असं बोरोविक आयुष्यात दोनदा दिसत नाही, आणि ते बघायला शेजारी कोणी नाही.

अळंबी वेचणाऱ्याला नेमकी इथेच भूल पडते. बाई गाडीपर्यंत गेल्या, किटली आणली, तीन पदर सोडवले आणि फोटो काढला. काढला तो काढला, किंगाला पाठवलाही. मातीनं बरबटलेला अंगठा कुठे कुठे लागला कोण जाणे. मग पुन्हा मोबाइल गुंडाळला, पुन्हा किटलीत, पुन्हा झाकण.

मोठ्या रस्त्याच्या वळणावर पोलिसांची गाडी उभी होती. हात वर झाला. बाईंनी आधी मागच्या टोपल्यांवर कोट टाकला, मग काच खाली केली. आणि जो पोलीस चालत आला तो त्यांच्या चांगल्याच ओळखीचा. मिरोन. गेनोवेफाचा जावई.

"नमस्कार काकू. परवाना बघू."

"आहे ना." बाईंनी किटली मांडीवर घेतली आणि झाकण उपसलं.

मिरोन खिडकीतून वाकला. "दूध नको काकू. परवाना."

"तोच काढतेय. उतावीळपणा करू नकोस."

एक पदर, दुसरा पदर, तिसरा. मागे उभा असलेला दुसरा पोलीस जवळ सरकला. चांदीच्या कागदातून मोबाइल निघाला तेव्हा त्यानं तोंड फिरवलं, पण त्याचे खांदे हलत होते. बाईंनी अंगठा लावला, परवाना उघडला, आणि चव्वेचाळीस वर्षांच्या सवयीनं हात लांब करून मोबाइलच मिरोनच्या तळहातावर ठेवला.

कागदातून सुटलेल्या मोबाइलला तेवढ्यात हवा लागली. टिंग! बाईंच्या फोटोवर, बरोबर कपाळावर, किंगाचा निरोप येऊन बसला: "आई!!! केवढं हे! आणि फोटोबरोबर नकाशापण पाठवलास की! लाल टिंब पडक्या पाणचक्कीमागे. तीच का ती जागा??"

रस्त्यापलीकडे एक कावळा ओरडला. मिरोनचे कान लाल झाले. त्याला वाचायचं नव्हतं, पण डोळ्यांसमोर धरलेलं अक्षर न वाचायला माणसाला कोणी शिकवलेलं नसतं. त्यानं मोबाइल उलटा केला आणि हळूच बाईंना परत दिला.

"काकू, एक सांगू? हा कुणाच्या हातात देऊ नका. पोलिसाच्यासुद्धा. परवाना दाखवायचा असतो, द्यायचा नसतो. तुम्ही धरा, मी बघतो. त्या कार्डात फक्त परवाना होता. ह्याच्यात तुमचं सगळं घर आहे."

"वाचलंस तू."

"मी परवाना वाचला. रोझालिया वासिलुक, मोटार चालवायला पात्र."

"आणि त्याच्यावर जे येऊन बसलं ते?"

"ते परवान्यात येत नाही."

"मिरोन, तू गेनोवेफाचा जावई आहेस."

"ते माझ्या परवान्यावर लिहिलेलं नाही काकू. असतं तर मी तो कुणाला दाखवलाच नसता." मग तो जरा गंभीर झाला. "आणि हा नसला तरी चालतं हो आता. नुसतं नाव सांगा, आमच्या यंत्रात दिसतं."

बाईंनी त्याच्याकडे टक लावून बघितलं. "म्हणजे माझा परवाना तुमच्याकडे आधीपासूनच आहे?"

"आहे."

"मग मी किटली घेऊन कशासाठी फिरतेय?"

"ते," मिरोन म्हणाला, "आमच्या यंत्रात दिसत नाही."

घरी येऊन बाईंनी अळंब्या साफ केल्या, निम्म्या दोऱ्यात ओवून चुलीवर टांगल्या, पण त्या दिवशी त्यांनी गाणं म्हटलं नाही. मिरोन पोरगा चांगला, पण जेवायला रोज सासूच्या टेबलावर. गेनोवेफानं भल्याभल्यांकडून कबुलीजबाब काढले होते, पाद्रीसुद्धा तिच्यापुढे कच्चा. किंगाचा फोन आला. "आई, मी नकाशा पुसून टाकला गं. पण डोक्यातून कसा पुसू?" बाई म्हणाल्या, "राहू दे." पण ते त्यांना खात राहिलं. आईनं हात धरून दिलेली जागा आपण लेकीला टिंब म्हणून धाडली, तीही पोलिसाच्या हातावरून.

सोमवारी त्या पावाच्या दुकानात गेल्या तर आत गेनोवेफा तावातावानं बोलत होती. दुकानवाली वांदा काउंटरवर कोपरं टेकून ऐकत होती.

"जावई दिलाय देवानं की तिजोरी? बसमधून मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, ह्यानं रोझालियाची गाडी थांबवली. जंगलातूनच येत होती. घरी आला तर विचारलं, कुठून येत होती रे? म्हणे, माहीत नाही. मग काय बघितलंस? म्हणे, परवाना. परवान्यावर काय होतं? म्हणे, फोटो. कसा होता? म्हणे, तुमच्यापेक्षा बरा."

वांदा खोकल्यासारखं करून हसली.

"डंपलिंग करून घातले! खसखशीचा केक केला! तीन तुकडे खाल्ले आणि म्हणतो, सासूबाई, लोकांनी मला जे दाखवलं तेवढंच मी बघतो." एवढ्यात तिला दारातल्या बाई दिसल्या. "ये ये, तुझंच चाललंय. काय चारलंस गं माझ्या जावयाला?"

"काही नाही," बाई म्हणाल्या. "किटली रिकामी होती." आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या पाव घ्यायला विसरून घरी आल्या, गात गात.

बुधवारी किंगा आली. बाईंनी तिचा मोबाइल मागून घेतला आणि आपल्या मोबाइलशेजारी खिडकीत ठेवला, कुंडीच्या दोन बाजूंना दोन. समोरच्या घराचा पडदा हलला.

"आई, परवाना?"

"त्यांच्याकडे आहे," बाई म्हणाल्या आणि किल्ली फिरवली. खिशावर मात्र दोनदा हात गेला.

पाणचक्कीपाशी उतरल्यावर किंगा धावत पुढे गेली. भिंतीमागे शोधलं, शेवाळ उचकलं, बर्चच्या झाडांत फिरली. एकसुद्धा नाही. "टिंब तर इथेच होतं!"

"टिंबाला वाकता येत नाही," बाई म्हणाल्या. "ते नुसतं जवळपास बोट दाखवतं, पुढे वाकून जावं लागतं." त्यांनी लेकीचा हात धरला, ओढ्याच्या काठानं नेलं, पडलेल्या खोडाखालून दोघी रांगत गेल्या, आणि पलीकडे तो वाकडा ओक उभा होता. किंगा त्याच्यासमोर गुडघ्यावर बसली. बाईंना आईचं वाक्य म्हणायचं होतं, ते राहूनच गेलं. त्यांनी लेकीच्या हातात सुरी दिली आणि नुसत्या नाक ओढत राहिल्या.

लग्नात सूप पुरलं आणि उरलं. "कडू, कडू!" असा गलका करून पाहुण्यांनी नवरानवरीला इतक्यांदा चुंबनानं एकमेकांचं तोंड गोड करायला लावलं की किंगाच्या ओठांचा रंग नवऱ्याच्या कानापर्यंत पोचला. बाईंनी गर्दीतून मिरोनला गाठलं आणि त्याच्या हातात बोरोविकांची बरणी ठेवली.

"काकू, आम्हाला असं काही घेता येत नाही."

"वर्दी कुठे आहे तुझी? पाहुणा आहेस. बोलू नकोस जास्त."

मिरोननं बरणी कोटाखाली दडवली. "घरी कुठे ठेवू पण? सासूबाई..."

"ती तुझी जागा," बाई म्हणाल्या. "मला सांगू नकोस."

तिकडे गेनोवेफा सुपाचा तिसरा वाडगा पुसून उठली, बाईंना ओढतच नाचायला घेऊन गेली आणि अ‍ॅकॉर्डियनच्या धबडग्यात त्यांच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, "आतातरी सांग ना गं, कुठली?" बाईंनी तिच्या कमरेभोवतीची मिठी घट्ट केली, वाजवणाऱ्याला जोरात वाजवायची खूण केली, आणि एकतीस वर्षं सूप ढवळलेल्या त्या उजव्या दंडानं तिला अशी गरगर फिरवली की गेनोवेफा किंचाळली, हसली, आणि प्रश्न विसरून गेली.