जहागीरदाराची रेसची मोटार

पेट्रोलचा वास आला की मी अजून नाक दाबतो, अन् नातवंडं हसतात.

निजामाच्या राज्यात मी एका जहागीरदाराचा ड्रायव्हर होतो. त्याची रेसची मोटार सडकेवर आणायची होती, म्हनून मी तिला दिवे बसवले, भोंगा लावला, बाजूला दुसरी सीट ठोकली. सायलेन्सर तेवढा बसवायचा राहू दिला. माझ्यासारख्या गाढवाला तो आवाजच लई आवडायचा.

मंग कुंभार पिंपळगावात माझ्या थोरल्या भावाला पटकी झाली. मी त्याला त्या सीटवर बसवून धोतरानं बांधलं.

"दादा, बिलकुल नवाब दिसून राह्यला!"

"येड्या, सडकेकडं बघ अन् जल्दी ने," तो कसंबसं हसून म्हनला.

मोटार सुरू झाली अन् त्याचा शब्द ऐकू येईना. माझ्या वरातीत घोड्यानं मला कसं पाडल्तं, ते मी वरडून वरडून सांगत गेलो. त्याची मान हलत होती. मला वाटलं, हसून राह्यला.

जालन्याच्या दवाखान्यात डॉक्टरनं नाडी धरली अन् विचारलं, "हे कधी गेले?"

जालन्यातल्या मस्तगडापर्यंत मी त्याला हसवत आल्तो.