लॅम्पचं उट्टं

नयना बोंद्रेला कुणी ‘शांत बाई’ म्हटलं की मला हसू येतं. शांत कसली डोंबलाची! डूख धरावा तर तो तिनंच. फक्त ती आरडाओरडा करत नाही, म्हणून लोक फसतात. मी फसत नाही. लखनऊच्या महानगर नावाच्या भागात आम्ही एकाच गल्लीत राहतो, एकाच ऑटोनं एकाच संशोधन संस्थेत जातो. मी तिथल्या वाचनालयात आहे, ती प्रशासनात. नयना मूळची कोल्हापूरची. नवऱ्याची बँकेतली बदली इकडे झाली आणि मग परत जायचं राहूनच गेलं. लेक जुईला मराठी सगळं समजतं आणि ती उत्तर हिंदीत देते. नयनाताई तिच्यावरही रागावते, पण तो राग संध्याकाळपर्यंत उतरतो.

संस्थेतली सभागृहं, मीटिंगच्या खोल्या, माइक, प्रोजेक्टर हे सगळं तिच्या ताब्यात. प्रोजेक्टर जुने, पण चित्र असं स्वच्छ की नव्यांनी मान खाली घालावी. एकच भानगड होती. त्यांचे लॅम्प कंपनीनं बनवायचे बंद केले होते. मग ही बाई लॅम्पच्या मागे लागली. कानपूरला फोन, दिल्लीला फोन, इथल्या लालबाग बाजारातल्या दुकानांत चकरा. एकदा लष्करी छावणीतल्या कुठल्या मेसचा प्रोजेक्टर भंगारात निघाला, तर तिनं भंगारवाल्याला गाठून आतला लॅम्प काढून आणला आणि ऑटोत मांडीवर तान्ह्या बाळासारखा धरून बसली. मी म्हटलं, ‘‘अगं, टोपडं घाल आता त्याला!’’ तर म्हणाली, ‘‘हसू नकोस मनीषा. हा गेला तर दुसरा नाही मिळायचा.’’

एवढं करून लॅम्प टिकेनात. म्हणजे छोट्या खोलीतले टिकायचे, आणि मोठ्या सभागृहातले पटापट जायचे. एखादा तर फट् करून फुटायचाच. तिनं जाळ्या साफ करून घेतल्या, वायरिंग तपासून घेतलं, प्रोजेक्टर भिंतीपासून लांब सरकवला. काही उपयोग नाही.

आता डॉक्टर सत्यजित गुर्जर यांच्याबद्दल सांगते. हे आमचे उपसंचालक, साताऱ्याकडचे. एकटे भेटले की ‘‘काय बोंद्रे बाई, आपली माणसं आपण,’’ असं गोड मराठी. चारचौघांत मात्र खडी हिंदी, आणि तीही वरच्या पट्टीतली. एका मोठ्या बैठकीत ते बोलत असताना पडद्यावर अंधार झाला. लॅम्प गेला. शास्त्रज्ञ, कारकून, चपराशी, सगळे बसलेले. गुर्जर दाराशी उभ्या असलेल्या नयनाताईकडे वळले आणि म्हणाले, ‘‘मैडम डुप्लीकेट माल उठा लाती हैं, और नाक हमारी कटती है। पता नहीं किस दुकानदार से क्या साठगाँठ है।’’

म्हणजे दुकानदाराशी हिचं साटंलोटं! सगळे हसले. खरंच सांगते, हसले! मेमो दिला असता तर उत्तर तरी देता आलं असतं. तोंडानं उडवलेल्या चिखलाला काय उत्तर देणार? दुसऱ्या दिवसापासून जो तो तिला टोमणे मारू लागला. कँटीनमध्ये बल्ब लुकलुकला तरी कुणीतरी म्हणायचं, ‘‘मैडम, यह भी आपका लाया हुआ है क्या?’’ गुर्जरांनी लॅम्पची खरेदी काढून स्वतःकडे घेतली. जिनं इतकी वर्षं संस्थेची टाचणीसुद्धा घरी नेली नव्हती, तिच्या नावाला बट्टा लागला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. ती मात्र ऑटोत एकच वाक्य बोलली. ‘‘ज्या तोंडानं म्हणाला, त्याच तोंडानं परत घ्यायला लावीन.’’

आधी तिनं दुकानदाराला धरलं. लालबागेतले नक़वीसाहेब, बरेचसे लॅम्प त्यांच्याकडूनच यायचे. तिनं फुगलेला, काळा पडलेला लॅम्प त्यांच्यासमोर ठेवला आणि जे काही सुनावलं, ते मी लिहीत नाही. त्या भल्या माणसानं आधी आमच्यासाठी चहा मागवला. मग लॅम्प उजेडात धरून फिरवून पाहिला आणि ते म्हणाले, ‘‘मोहतरमा, लैंप असली है। इसे किसी ने बेमौत मारा है।’’

मग त्यांनी समजावून सांगितलं. प्रोजेक्टर रिमोटनं बंद केला की आतला पंखा थोडा वेळ चालू राहतो आणि लॅम्प निववतो. तो पंखा थांबेपर्यंत भिंतीवरचं बटण दाबायचं नाही. दाबलं की पंखा बंद, आणि लॅम्प आपल्याच आगीत भाजून निघतो. शिवाय तो तापलेला असताना लगेच चालू करायला गेलं, तर तो लागतच नाही.

‘‘आमच्याकडे कोण भिंतीवरचं बटण दाबतंय?’’ मी परत येताना विचारलं. पुढच्या बैठकीला सभागृहाच्या मागच्या रांगेत आम्ही दोघी उगाच माइकची वायर गुंडाळत बसलो. बैठक संपली. गुर्जर उठले, आणि उठता उठता, कुणाशी तरी बोलत, भिंतीवरची सगळी बटणं खटाखट बंद करून बाहेर पडले. प्रोजेक्टर, पंखे, दिवे, सगळं एका दमात.

कपाळावर हात मारून घेतला मी. आपल्याकडच्या घरांतली सवय! खोलीतून निघताना बटण बंद केलं नाही तर आई जेवू घालत नाही. हा माणूस ती सवय इथवर घेऊन आला होता आणि वर मिरवतही होता. ‘‘हे इकडचे लोक वीज उधळतात हो, आपण मराठी माणसं कशी काटकसरी!’’ असं त्यानं मलाच ऐकवलं होतं. छोट्या खोलीत तो कधी बसायचा नाही, म्हणून तिथले लॅम्प सुखरूप.

‘‘चल, आत्ताच्या आत्ता संचालकांकडे जाऊ,’’ मी म्हटलं.

‘‘कशाला? दार लावून बोलतील, दार लावून मिटवतील. माझी बदनामी दार उघडं ठेवून झालीय.’’

‘‘मग काय करणार आहेस?’’

‘‘वाट बघणार,’’ ती म्हणाली.

आणि तिनं वाट पाहिली. गुर्जरांनी मागवलेले लॅम्पही मेले, ती गप्प. लोक टोमणे मारत राहिले, ती गप्प. मला राहवत नव्हतं. तिला मात्र ते सगळं साठवून ठेवायला आवडू लागलं होतं, असं मला कधीकधी वाटायचं आणि थोडी भीतीही वाटायची.

शेवटी दिल्लीहून तपासणी समिती आली. सगळी संस्था मोठ्या सभागृहात गोळा झाली. गुर्जरांचं सादरीकरण अर्धं झालं आणि मध्ये चहा. समितीच्या देखत ते ऐटीत भिंतीकडे गेले. ‘‘बिजली बचाना हमारे संस्कार में है,’’ असं म्हणून त्यांनी सगळी बटणं बंद केली. नयनाताईनं माझा हात असा दाबला की बांगडी रुतली.

घाईत चहा आटोपून सगळे लगेच परत बसले. गुर्जरांनी रिमोट दाबला. पडदा काळा. पुन्हा दाबला. प्रोजेक्टरवर एक लाल ठिपका लुकलुकत राहिला. समितीतल्या एका बाईंनी घड्याळ पाहिलं. गुर्जर घामाघूम. त्यांची नजर भिरभिरत दाराशी आली, तिथे आम्ही उभ्या होतो. ते जवळ आले आणि हलक्या आवाजात, अगदी घरच्यासारखं म्हणाले, ‘‘बोंद्रे बाई, काहीतरी करा हो. आपल्याच अब्रूचा प्रश्न आहे.’’

‘‘माझी अब्रू तुम्ही कधीच घालवलीत, सर,’’ तीही तितक्याच हळू म्हणाली. ‘‘आणि मी डुप्लिकेट माल आणते. माझा हात कशाला लावून घेता? चहाला जाताना भिंतीवरचं बटण तुम्ही बंद केलंत ना, त्यानं लॅम्प मरतात. आधीचेही तसेच मेले. सगळे तुमच्या हातांनी.’’

गुर्जरांचा चेहरा उतरला. ‘‘चुकलं माझं,’’ ते पुटपुटले. ‘‘बाई, मी मनापासून सांगतोय, चुकलं. आता लावा ना.’’

तेव्हा नयनाताईनं आवाज चढवला. मागच्या रांगेतल्या चपराशापर्यंत पोचेल असा. ‘‘सर, हिंदी में बोलिए। उस दिन भी आपने हिंदी में ही कहा था।’’

समितीच्या बाई मागे वळून बघत होत्या. गुर्जरांनी पडद्याकडे पाहिलं, समितीकडे पाहिलं, आणि घसा खाकरला. ‘‘नयना मैडम जो लैंप लाती थीं, वे असली थे। ख़राब... ख़राब हमारी ग़लती से होते थे।’’

‘‘किसकी ग़लती से?’’

‘‘मेरी।’’

‘‘और साठगाँठ?’’

‘‘कोई साठगाँठ नहीं थी। मैंने ग़लत कहा था।’’ आवाज पार बसला होता.

या खेपेला कुणी हसलं नाही. मलाच हसू येत होतं, मी पदर तोंडाला लावला. नयनाताई सावकाश, अगदी सावकाश चालत पुढे गेली. प्रोजेक्टरशी काहीतरी खुडबुड केली, रिमोट दाबला आणि पडदा लख्ख उजळला.

घरी येताना ऑटोत मी तिला विचारलं, ‘‘नवा लॅम्प कुठे लपवला होतास गं? आणि बसवलास कधी?’’

‘‘कुठला नवा? तोच होता. तापला होता म्हणून लागत नव्हता. आमचं बोलणं होईतो निवला.’’

‘‘म्हणजे नुसतं थांबलं असतं तरी लागला असता?’’

‘‘हो.’’

‘‘आणि नसता लागला तर? त्याच्याकडून वदवून घेतलंस, आणि नंतर अंधारच राहिला असता तर?’’

तिनं पर्समधून बडीशेप काढली, थोडी मला दिली, थोडी स्वतःच्या तोंडात टाकली.

‘‘राहिला असता. माझं काम तोवर झालं होतं.’’