थुंकलेला घोट

नव्वद सालानंतरची गोष्ट. लग्न होऊन मी पेणहून रोह्याला आले. नवरा धाटावच्या एका कंपनीत शिफ्टला जायचा. आमच्या समोरच्या खोल्यांत वसईकडचं ख्रिश्चन जोडपं राहायचं. काका त्याच कंपनीत फोरमन, आणि काकींना सगळेच आंटी म्हणायचे.

नाताळला त्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं. कंपनीतले दोन साहेबही होते. आंटींच्या भावानं नाशिकहून तिकडच्या द्राक्षांची रेड वाइन आणली होती. "महागातली नाय हां, साधीच हाय," म्हणत काकांनी बूच काढलं आणि मलाही अर्धा ग्लास दिला. चारचौघांत नको म्हणायचा धीर झाला नाही. रंग बघून वाटलं, गोड असणार. मी मोठा घोट घेतला. तोंड असं आवळलं, की काही कळायच्या आत सगळं बाहेर आलं, ते थेट आंटींच्या पांढऱ्या टेबलक्लॉथवर.

"वहिनी, मिरची लागली काय?" एक साहेब म्हणाला आणि सगळे हसले. नवरा खाली मान घालून बसला. घरी आल्यावरही तो भिंतीकडं तोंड करून झोपला.

टेबलक्लॉथ मी हट्टानं धुवायला आणला होता. साबण लावला तर लाल डाग निळा पडला, लिंबू चोळलं तर गुलाबी झाला, पण गेला काही नाही. आंटी नळावर दिसल्या की मी हंडा तिथंच टाकून आत पळायचे. शेवटी एका दुपारी कापड घडी करून घेऊन गेले.

"डाग निघत नाय, आंटी," म्हणताना रडूच आलं.

"जाऊ दे गो बाय. बस इथं." त्यांनी तीच बाटली काढली. थोडी उरली होती. "तू तहान लागल्यासारखी प्यायलीस. आधी वास घे. मग इतकुसा घोट जिभेवर धर. गिळायची घाई नको."

पिकलेल्या जांभळांचा वास आला आणि मागून कुटलेल्या मिरीचा. घोट तुरटच लागला, जांभळं खाल्ल्यावर जीभ खरखरते तसा. मग तुरटपणा हळूहळू मऊ पडला, ऊन खाल्लेल्या मातीसारखं काहीतरी वर आलं. त्यांनी पुढे केलेल्या मटणाच्या तुकड्याबरोबर तर ती छानच लागली.

"आमच्या वसईत घरी करतात ती गोड," आंटी म्हणाल्या. "ही नाशिककडची. तिकडं दिवसा ऊन, रात्री गारठा. ते सगळं हिच्यात उतरतं."

मला ते लगेच पटलं. माहेरची आमची शेती खाडीकाठच्या खारजमिनीत. तिथल्या तांदळाची पेज मी डोळे मिटून ओळखायचे. रोह्याच्या बाजारातला तांदूळ तसा कधी लागलाच नाही.

ग्लास संपला तेव्हा मात्र आधीपेक्षा जास्त लाज वाटली. थुंकले तेव्हा अडाणी ठरले होते, आता तर आवडली होती! नवरा कामावर, आणि मी भरदुपारी शेजारणीकडे वाइन पीत बसलेली. बडीशेप चघळतच घरी आले.

तो आला तेव्हा मला लपवता आलं नाही. सगळं सांगून टाकलं. बूट काढता काढता तो थांबला.

"आवडली?"

"व्हय."

त्याचे कान लाल झाले. "मी तुझ्यावर रागावलो नव्हतो. मलाही गिळवत नव्हती. सगळे तुझ्याकडं बघत होते ना, तेवढ्यात मी माझा ग्लास खिडकीतल्या शेवंतीच्या कुंडीत ओतला. हसं तुझं झालं, आणि मी साळसूद बसून राहिलो."

मला हसू आलं, त्याला येईना. रविवारी तो वडखळला जाऊन तसलीच एक बाटली पेपरात गुंडाळून घेऊन आला आणि आंटींना कुंडीचं सांगून मोकळा झाला. काकांनी त्याला वास कसा घ्यायचा इथपासून सगळं शिकवलं. त्याला जांभळं नाही, भिजलेल्या लाकडाचा वास आला.

माघी गणपतीला आम्ही पेणला गेलो. जेवताना आईनं विचारलं, "शेजारीण कशी हाय गो?"

"चांगली हाय. केक शिकवला तिनं मला."

नवरा ताटातून मान वर काढेना.

"मग एकदा करून घाल की आम्हाला," आई म्हणाली.

केक मला करता येत नव्हता. मी वाढायच्या निमित्तानं उठून आत गेले.