न धुतलेलं जाकीट
इंग्लंडमधल्या ग्रिम्सबीत गोदीकडे जाणाऱ्या रस्त्यावर पैसे टाकून कपडे धुवायचं दुकान आहे. तिथे पॉलीन बावीस वर्षं अख्ख्या वस्तीचे कपडे धुतेय. मासळीवाल्यांचे एप्रन असोत नाहीतर तान्ह्यांची दुपटी, बाई कशालाही नाक मुरडणार नाही. फक्त एक कपडा तिने तीन वर्षांत पाण्याला लावला नव्हता, तिच्या मुलाचं, क्रेगचं निळं जाकीट.

क्रेग अठराचा होता. कसल्याशा फालतू भांडणात कुणीतरी त्याला बसस्टॉपवर भोसकून मारलं. त्या दिवशी एवढ्या थंडीत पठ्ठ्या नुसत्या टीशर्टवर गेला आणि जाकीट खुंटीवरच राहिलं. कॉलरला सिगरेटचा आणि त्याच्या स्वस्त अत्तराचा वास होता. त्या सिगरेटींवरून पॉलीनने त्याला काय काय सुनावलं होतं! आता रोज कामावर निघताना ती त्याच कॉलरमध्ये तोंड खुपसायची.

मार्चमध्ये टॉबी नावाचा दिग्दर्शक आला. खिशात दमडी नाही, पण सिनेमा काढायचा, तोही इथल्याच एका चोऱ्यामाऱ्या करणाऱ्या पोरावर. कपडेसुद्धा वस्तीतून मागून आणत होता. पॉलीनकडेही मागितले, तेव्हा तिने त्याला चक्क हाकललं. मग स्वतःच दारातून हाक मारून विचारलं, "शेवटी मरतो का रे तो?"

"नाही. आमचा पोरगा घरी परत येतो."

एवढ्यावर ती विरघळली. ते जाकीट घालून कुणीतरी घरी परत येताना तिला एकदा बघायचं होतं. तिने ते दिलं, धुवायचं मात्र नाही, असं त्याच्याकडून वदवून घेतलं. टॉबीनेही ते रोज वेगळं टांगून ठेवलं.

शूटिंग संपल्यावर सकाळी त्याची मदतनीस मुलगी सगळे कपडे पिशव्यांत कोंबून दुकानात आली. दुपारपर्यंत धुऊन ज्याचे त्याला पोचवायचे होते, खिसे तिने तपासले होते. पॉलीनने सवयीने पिशवी मशीनच्या तोंडाला लावून रिकामी केली, पावडर घातली, दार लावलं. चहा घेऊन बाकावर बसली, तर काचेत निळी बाही फिरताना दिसली.

तिने धावत जाऊन दार ओढलं. पाणी भरलं की ते उघडत नाही, हे गिऱ्हाइकांना बावीस वर्षं तीच सांगत आली होती. स्वतःच्या हातांचा तिला इतका राग आला की ते तोडून टाकावेसे वाटले. मुलगी घाबरून काय झालं विचारायला लागली.

"काही नाही गं," पॉलीन म्हणाली. "छत्तीस मिनिटं लागतात."

तेवढा वेळ ती काचेला हात लावून उभी राहिली. मग ओलं जाकीट काढून तिने कॉलरमध्ये तोंड खुपसलं. पावडरचा वास आला, वस्तीतल्या सगळ्यांच्या कपड्यांना येतो तोच.