घोड्याखालची सावली

मी आणि माझ्या बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे चुना गाळणं. माझ्या जुन्या धोतराची दोन टोकं तिच्या हातात, दोन माझ्या. मधे भिजवलेला चुना, खाली घमेलं. झोळीसारखं हलवायचं, की खडे वर राहतात आणि दुधासारखा चुना खाली पडतो. लग्नसराई होती. गावातल्याच एका घरची भिंत दोन दिवसांत पुरी करायची होती.

तेव्हा लग्नघराच्या दर्शनी भिंतीवर हत्ती, घोडे, केळीचे खांब काढायची रीत होती. रिसोडच्या रस्त्यावरच्या पाच-सहा गावांत हे काम माझ्याकडं होतं. मी शाळेत दोनच यत्ता गेलो, पण हत्तीला यत्ता लागत नाहीत. आकार मी काढायचो, आत गेरू आणि पिवडी ती भरायची. पुढं पुढं घोडे तीच काढायला लागली. मी काढू दिले. एवढंच माझं चुकलं, असं मी लय वर्षं म्हणायचो.

चुना गाळता गाळता मी म्हणालो, "तुया मास्तर वाशीमले दुकान मांडून बसला म्हंते. बोर्ड रंगवते."

"कोन मास्तर?"

"ज्यानं तुले सावली शिकवली तो."

ती हसली. म्हणजे तिला मी बोलायच्या आधीच समजलं होतं.

हा मास्तर कोण, ते सांगतो. आमच्या लग्नाला चार-पाच वर्षं झाली असतील. एक नाटक कंपनी आगगाडीनं वाशीमला आली. वाटेत पावसानं त्यांचा बागेचा पडदा खराब झाला. नवा रंगवायला त्यांचा पडदेवाला होता, पण रंग घोटायला माणसं पाहिजे होती. मी गेलो, हिलाही नेलं. पंधरा दिवस आम्ही खलबत्त्यात रंग घोटत होतो. तो माणूस पडदा जमिनीवर पसरून त्याच्यावर अनवाणी फिरायचा आणि लांब काठीच्या कुंचल्यानं उभ्या उभ्या झाडं काढायचा. गोरा, काडीसारखा, बोलणं पुण्याकडचं. मला तो "अहो मदतनीस" म्हणायचा. मी वाशीमपासून दोन कोसांवरचा नावाजलेला माणूस, आणि याचा मदतनीस.

चार दिवस ती नुसती पाहत होती. पाचव्या दिवशी पदर सावरून तिनं विचारलं, "या झाडाखाली मळकं काहून केलं जी तुमी?"

"मळकं नाही बाई, सावली आहे. ऊन डावीकडून येतंय ना, मग सावली उजवीकडं पडणार."

"मंग त्या खांबाले काहून नाई?"

तो थांबला. खांबाकडं पाहिलं. मग हातातला कुंचला तिच्यापुढं धरला. "घाल तूच."

तिनं घातली. एका फटक्यात, न थरथरता. पंधरा दिवसांत त्यानं माझ्या हातात कुंचला दिला नाही. मी शेजारी बसून निळीचे खडे फोडत होतो.

त्यानंतरच्या लग्नसराईत एका पाटलाच्या भिंतीवर तिनं पहिल्यांदा घोड्याखाली सावली काढली. मला न विचारता. संध्याकाळी माणसं जमली. एक म्हातारा काठी टेकत जवळ आला, वाकून पाहिलं आणि मोठ्यानं म्हणाला, "आता उभा राह्यला बाप्पा घोडा! आंधीचे तर खुटीले टांगल्यावानी दिसत होते."

सगळे हसले. आधीचे घोडे माझे होते.

दुसऱ्या दिवशी वऱ्हाड यायच्या आधी मी एकटाच त्या भिंतीकडं गेलो आणि सावलीवर चुना मारला. ओला चुना झाकत नाही, वाळल्यावर पांढरा होतो. हे मला जन्मापासून ठाऊक. पण डोकं ठिकाणावर नव्हतं. सावली दिसतेच आहे म्हणून मी दुसरा हात मारला, तिसरा मारला. उन्हं वर आली, चुना वाळला, आणि घोड्याच्या पायाखाली हा एवढा जाड पांढरा डाग उमटला. सगळ्या भिंतीत तेवढंच दिसत होतं. नवरीचा मामा मांडवातून ओरडला, "अहो चितारीबुवा, घोडं हाये का म्हैस? दूध सांडलं तं हिचं!"

 तो डाग पाहून ती घरी आली, चुलीपाशी बसली आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. तिनं रागवायला पाहिजे होतं. रागावली असती तर मी दोन शब्द बोललो असतो, भांडण मिटलं असतं. ती हसली आणि पुढच्या घोड्याला पुन्हा सावली काढली. मग सगळ्यांनाच काढली, हत्तीला, मोराला, केळीच्या खांबाला. लोक आमंत्रण द्यायला यायचे ते मला हात जोडून म्हणायचे, "वहिनीले घेऊन या बरं." माझ्या हातच्या हत्तीबद्दल कोणी विचारलं नाही. आणि मला प्रत्येक सावलीत तो काडीसारखा माणूस अनवाणी फिरताना दिसायचा. वीस-बावीस वर्षं दिसला. त्यात दुसरी लढाई सुरू झाली, घासलेट मिळेना, पण हा काही जाईना.

तर चुना गाळताना ती हसली आणि म्हणाली, "हाव, शिकली त्यायच्यापासून. मंग? तुमी तं मले घोड्याच्या पोटात गेरू भरायले ठेवलं होतं."

मी माझी टोकं सोडून दिली. चुना तिच्या पायांवर पडला.

"पागल झाले काय तुमी?" तिनं पायांवर पाणी ओतलं. "अवो, एक डाव घेऊन चाला मले त्या दुकानात. आता कसं काढतात ते पाह्यचं हाये."

"जाय एकटी."

"एवढ्या वर्साचं मनात धरून बसले? दुसरी बाई असती तं तिनं चुन्यातच बुडवलं असतं तुमाले."

मी खाटेवर जाऊन पडलो. भिंतीवर गेलोच नाही. तिनं घमेलं डोक्यावर घेतलं आणि एकटी गेली. वैशाखाचं ऊन, भिंतीचं तोंड पश्चिमेला. माझं अर्धं कामही तिच्याच अंगावर पडलं. दुपार कलल्यावर तिला चौघांनी उचलून आणलं. ऊन लागलं होतं. कांद्याचा रस लावला, कैरीचं पन्हं पाजायला गेलो, ते ओठातून बाहेर आलं. दिवस मावळायच्या आत संपलं. मी तिच्याशी सकाळपासून बोललो नव्हतो.

रात्रीच तिला अग्नी दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पागोटं न बांधता वाशीमची वाट धरली. शेजारीण दारातून म्हणाली, "भाऊजी, सुतकात कुठी निघाले?" मी थांबलो नाही.

दुकान स्टेशनच्या वाटेवर सापडलं. तो म्हातारा झाला होता, नाकावर जाड चष्मा. कापडवाल्याच्या बोर्डावर एक बाई काढत होता. मी रस्त्यावरच उभा राहिलो.

"काय हवंय बाबा?"

"काई नाई पायजे. ती गेली काल."

"कोण गेली?"

मी सांगितलं. कंपनी, बागेचा पडदा, रंग घोटणारी बाई, तिच्या हातात दिलेला कुंचला. त्यानं चष्मा काढून पुसला, लय वेळ आठवून पाहिलं.

"बाबा, पडदे पुष्कळ रंगवले. रंग घोटायला बायका असायच्याच. खोटं कशाला सांगू, नाही आठवत."

मला मोकळं वाटायला पाहिजे होतं. पण असा संताप आला की वाटलं त्याच्या बोर्डावर लाथ मारावी. ज्याच्यापायी मी तिच्याशी इतकी वर्षं वाकडा वागलो, त्याला ती आठवतही नव्हती.

"बसा, पाणी घ्या," तो म्हणाला.

"सुतक हाये." आणि मग मी रस्त्यावर उभ्या उभ्या त्याला तिचे घोडे सांगायला लागलो. सावली खुरापाशी गडद कशी, पुढं पातळ कशी होते, काजळीत ती निळीचं पाणी कसं घालते.

"नीळ?" त्यानं मान वर केली. "मी तर सावलीत तपकिरी घालायचो. पडद्यावर सगळे तेच घालायचे. उन्हातली सावली निळी असते खरी, पण ते दिसायला डोळे लागतात. तिला कुठून सुचलं?"

मला माहीत नव्हतं. कोणी शिकवलं, एवढंच मी वीस वर्षं विचारत आलो होतो. कुठून सुचलं, हे एकदाही विचारलं नाही. तो माझ्याकडं पाहत होता.

"मी शिकवलं," मी म्हणालो.

"वा," तो म्हणाला, आणि त्यानं मला हात जोडले. मीही जोडले आणि घराकडं निघालो.