होलुंडर आणि वरचे काका

होलुंडर या जर्मन कंपनीचा इतिहास जगात फक्त एकाच माणसाला तोंडपाठ आहे, आणि तो माणूस सहा वर्षं आमच्या डोक्यावर राहत होता. म्हणजे आमच्या वरच्या फ्लॅटमध्ये. दोन हजार अकरा साली आम्ही पुण्याहून सिंगापूरला आलो, तेव्हा माझी मुलगी त्यांना 'वरचे काका' म्हणायला लागली, म्हणून मीही म्हणू लागले. तुआसच्या एका शिपयार्डात जहाजांची इंजिनं दुरुस्त करणारा हा रत्नागिरीचा माणूस. इंजिनांबद्दल विचारलं तर दोन वाक्यांत उरकायचे. होलुंडरबद्दल विचारलं की आपली संध्याकाळ गेली म्हणून समजायचं.

तर होलुंडर म्हणजे टीव्हीला जोडून खेळायची व्हिडिओ गेमची मशीनं बनवणारी, केव्हाच बुडालेली कंपनी. दोघा भावांनी काढलेली. भाऊ मूळचे वजनकाटे बनवणारे, त्यामुळे प्लास्टिकवर त्यांचा विश्वास नव्हता. पहिलं मशीन त्यांनी ओतीव लोखंडात घडवलं आणि ते दुकानातून घरी न्यायला दोन माणसं लागत. त्यांचा सगळ्यात गाजलेला खेळ कोणता, तर काट्यावर ट्रक येतो आणि आपण त्याचं वजन करायचं. बरोबर आलं तर बक्षीस म्हणून पुढचा ट्रक येतो. जॉयस्टिकची हमी तीस वर्षांची होती, कंपनी चालली पाच. हरलेल्या खेळाडूला तो का हरला हे सांगावं की नाही, यावरून भावाभावांत बिनसलं आणि धंदा बसला. इथे काकांचा आवाज दर वेळी जड व्हायचा. सहाव्यांदा ऐकताना आमच्या पापण्याही जड व्हायच्या.

एकदा आम्ही काही मराठी कुटुंबं पुलाउ उबीन बेटावर सायकली चालवायला निघालो. तिथली बोट बारा माणसं जमल्याशिवाय सुटत नाही आणि आम्ही होतो दहा. बाकीचे घड्याळं बघत होते, काका मात्र खुलले. दोन माणसं येईपर्यंत त्यांनी धाकट्या भावाचं लग्न लावून दिलं, कारखाना दुसऱ्या गावी हलवला आणि मोठ्या भावाला पहिला हार्ट अटॅक आणला. शेवटी एक चिनी जोडपं आलं, तेव्हा बिचाऱ्यांचं काही चुकायला नको म्हणून इंग्रजीत पहिल्यापासून सुरुवात. म्हाताऱ्या बोटवाल्यानं विचारलं, "दिस जर्मन, युअर रिलेटिव्ह आह?"

"ऑलमोस्ट," काका म्हणाले. मी हसले. ते थट्टा करत नव्हते, हे मला पुढे कळलं.

खुद्द मशीन त्यांच्या दिवाणखान्यात काचेच्या कपाटात असे. त्यांचे वडील बोटीवर नोकरीला होते, त्यांनी ते हॅम्बर्गहून आणलेलं. सिंगापूरची दमट हवा त्याला बाधू नये म्हणून एसी कायम त्या खोलीत. काका स्वतः आत पंख्याखाली घामाघूम होऊन झोपत. काकू आम्हाला म्हणायच्या, "या, बसा मशीनच्या खोलीत. आम्हीही तिथे पाहुणेच असतो."

मग शिपयार्डातलं काम आटलं, काकांचा इथे काम करायचा पास पुढे वाढला नाही, आणि रत्नागिरीला परतायचं ठरलं. जाण्याआधी त्यांना एकच गोष्ट करायची होती: होलुंडरचा इतिहास छापायचा. पन्नास प्रती, ओळखीच्यांना वाटायला. मी कॉलेजात असताना जर्मन शिकलेली, म्हणून फाइल माझ्या हातात ठेवून म्हणाले, "मजकुराला हात लावू नका. फक्त जर्मन स्पेलिंगं बघा."

शेवटच्या प्रकरणात मी अडकले. काका दहा वर्षांचे असताना वडील सुट्टीवर आले, मशीन टीव्हीला जोडलं आणि म्हणाले, "जर्मन लोकांना तुझं नाव सांगून ठेवलंय. बघ." काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली: एल, ए, डी, ई. काकांचं आडनाव लाडे. त्याखाली आणखी दोन जर्मन शब्द. वडिलांनी हॅम्बर्गच्या बंदरात होलुंडरच्या थोरल्या भावाची बंद पडलेली मोटार सुरू करून दिली, त्या उपकाराची ही फेड, असं काकांनी लिहिलं होतं.

'लाडे' हा जर्मन शब्द मी पहिल्याच वर्षी शिकले होते. त्याचा अर्थ, खेळ कॅसेटवरून मशीनमध्ये भरला जातोय, एवढाच. ते मशीन घरोघरी, सगळ्यांना लाडेच म्हणत होतं. पुस्तक वाचणाऱ्या पन्नासांत निम्मे पुण्याचे, आणि पुण्यात जर्मन शिकलेलं कोणी भेटत नाही असं होत नाही. ते हसणार. सांगावं तर काकांचे वडील खोटे पडणार. आठवडाभर फाइल तशीच पडून राहिली.

शेवटी हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या टपऱ्यांवर कोपी, म्हणजे इथली कॉफी, घेताना मी विषय काढला. "काका, शेवटच्या प्रकरणात एक शब्द आहे."

"लाडे," ते म्हणाले. "म्हणजे लोडिंग. मीही आधी बोटीवरच होतो. पहिल्या बोटीवर चीफ इंजिनिअर जर्मन होता, त्यानं पोट धरून हसत सांगितलं. मी त्याच दिवशी बाबांना चार पानी पत्र लिहिलं, तावातावानं. पोस्टात टाकलं नाही. सुट्टीवर घरी गेलो तर बाबांनी मशीन पुसून ठेवलेलं. म्हणाले, लाव रे, नाव येतंय का अजून बघू. लावलं. आलं."

"मग तसंच छापायचं?"

"चूक माझ्या नावावर जाईल, बाबांच्या नाही. आणि ते काढलं तर उरतं काय? वजनकाटे."

मी फक्त स्पेलिंगं सुधारली.

निघायच्या आदल्या संध्याकाळी सगळं सामान गेलं होतं. मशीन ते स्वतःबरोबर नेणार होते, त्याआधी त्यांनी आणि मी दोघांनी उचलून आमच्याकडे आणलं. काय काय वायरी जोडल्या, कॅसेट फिरायला लागली, पडद्यावर अक्षरं आली. मुलगी मिनिटभर बघत राहिली आणि म्हणाली, "अंकल, व्हाय सो स्लो? स्टक, इज इट?"

"नो, नो. सी, माय नेम. लाडे, प्लीज वेट." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "खालच्या दोन शब्दांचा अर्थही मला त्या चीफनंच सांगितला. कृपया थांबा. वर्षातले दहा महिने बाहेर असणाऱ्या बापानं मुलासाठी दुसरं काय लिहिलं असतं?" खेळ भरायला चार मिनिटं लागली आणि आम्ही तिघंही थांबलो.

वरच्या फ्लॅटमध्ये आता दुसरं कुटुंब आहे, चांगली माणसं आहेत, पण इतिहास कुणाला सांगता येत नाही. काकांची फार आठवण येते. फोनवर काही उघडायला वेळ लागला की नवरा चिडतो, मीही चिडते. मुलगी मात्र पडद्याकडे बघत सिंगापुरी ढंगात म्हणते, "लाडे, ला," आणि थांबते.